'नागफणी'चा ठसा माझ्यामागे कोणी मारायचा

मी, सरूबाई निवृत्ती ओव्हाळ, वय वर्षे बहात्तर, धंदा तंबाखूचे पाईप बनवणे, राहणार मौजे कार्ले, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज पूर्ण भानावर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नाही, कोणाच्या धाकाने नाही आणि कोणी गोड बोललं म्हणूनही नाही, हे माझं मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे की माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, हेही त्यांनी सांगितलं, पण ते दाखल्यात लिहायची गरज नव्हती. दाखला सोबत जोडला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवते. मी रागात आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकतं का, असं मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, रागावणं वेगळं आणि भान सुटणं वेगळं. टिकतं." त्यांनी मला एक टाईप केलेला मसुदा दिला होता. त्यात "माझा प्रेमळ मुलगा सुहास यास" असं लिहिलेलं होतं. तो मसुदा मी त्यांना परत केला आणि कोरे कागद मागून घेतले.

माझे पती निवृत्ती हयात नाहीत. मला मुलगा सुहास आणि मुलगी प्रतीक्षा अशी दोन अपत्ये आहेत. सुहासची बायको समीक्षा आमच्याच घरात राहते आणि दुकानात गल्ल्यावर बसते. प्रतीक्षा तळेगावला कंपनीत नोकरी करते आणि तिथेच राहते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रतीक्षाने करावी, कारण ती कोणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही.

नुसत्या घरासाठी आणि शेतासाठी मी एवढे कागद काळे केले नसते. घर कोणाला, खाचर कोणाला, हे गावात कोणीही सांगेल. प्रश्न आहे तो ठशाचा. आमच्या पाइपाच्या वाटीवर, म्हणजे तंबाखू भरतात त्या भागावर, 'नागफणी' हे नाव उठवणारा लोखंडी ठसा आणि ते नाव, दोन्ही माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते आपोआप सुहासकडे जाणार असं सगळे धरून चालले आहेत. सुहास तर आत्ताच मालक असल्यासारखा बोलतो. ठसा कोणाकडे जाईल हे मी शेवटच्या कलमात लिहिणार आहे. आधी बाकीचं उरकते.

कलम १. कार्ल्याचं राहतं घर, पुढची पडवी आणि मागची मोरी धरून, सुहास आणि प्रतीक्षा यांना निम्मं निम्मं. "प्रतीक्षाच्या लग्नात तिचा वाटा गेला," असं सुहास पाहुण्यांत बोलतो. प्रतीक्षाने लग्न स्वतःच्या पगारातून केलं, विहारात केलं, आणि जेवणाचे पैसेही तिनेच दिले. सुहासने त्या लग्नात फक्त फोटो काढून घेतले. हे एकदा कागदावर यावं म्हणून लिहिलं.

कलम २. डोंगराच्या अंगाचं भातखाचर सुहासला. त्यात इंद्रायणी चांगला होतो. ते त्याने लावावं, नाहीतर अर्ध्या वाट्याने कोणाला द्यावं, पण फार्महाउसवाल्याला विकू नये. विकायचं मनात आलं तर आधी प्रतीक्षाला विचारावं. तिने नको म्हटलं तर विषय तिथेच संपला.

कलम ३. माझं डोरलं, पाटल्या आणि कानातलं प्रतीक्षाला. भांडीकुंडी समीक्षाला. माझी जाऊ चंपा हिला पत्र्याचा निळा डबा, मिश्रीचा. चंपाबाईने गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी तंबाखू ओढते म्हणून सांगितलं आहे. पंगतीत माझ्याशेजारून उठून ती पलीकडे जाऊन बसलेली आहे. चंपाबाई स्वतः सकाळ संध्याकाळ तोंडात मिश्री धरून बसते, तोंडाला पाणी सुटलं की माझ्याच अंगणाच्या कडेला थुंकते, आणि तिला ते व्यसन वाटत नाही. डबा भरलेला द्यावा.

कलम ४. निवृत्तींचा स्वतःचा पाईप सुहासला. त्याने तो ओढायचा नाही, ओढणार नाहीच तो. नुसता हातात धरून बघावा. वाटीची भिंत सगळीकडून सारखी कशी असते, ते बोटांना कळतं. या पाइपाची हकिगत सुहासला ठाऊक आहे, पण तो गिऱ्हाइकांना ती वेगळीच सांगतो, म्हणून खरी लिहून ठेवते.

निवृत्ती लोणावळ्यात फर्निचरच्या कारखान्यात लेथवर होते. खंडाळ्याच्या अंगाला एका बंगल्यात खुर्च्यांचे पाय बसवायला गेले, तेव्हा तिथल्या साहेबांचा विलायती पाईप पडून दोन तुकडे झाला होता. साहेब वैतागले होते. निवृत्तींनी ते तुकडे खिशात घातले आणि शिसवाच्या उरलेल्या गट्ट्यातून तसाच नवा पाईप घडवला. तो घरी आणून ते मला म्हणाले, "सरू, दिसतोय तर झ्याक. पर ह्यो चालतोय का न्हाई, कसं कळायचं?" ते स्वतः विडीसुद्धा ओढत नव्हते. धुराने त्यांना ठसका लागायचा. मी लहानपणी माझ्या आजीची चिलीम भरून, पेटवून द्यायची. पेटवायची म्हणजे दोन झुरके आपणच मारायला लागतात. मी म्हटलं, "आना हिकडं."

तो पहिला पाईप मी चुलीपुढे बसून ओढला. एका अंगाने एवढा तापला की हातात धरवेना. तिथे भिंत पातळ झाली होती. तो चुलीत घातला. दुसरा चिरला, तोही चुलीत. तिसरा शेवटपर्यंत कोमट राहिला. तो साहेबांना दिला आणि त्याच्या जोडीचा निवृत्तींनी नमुना म्हणून स्वतःसाठी ठेवला, तो हा. सुहास गिऱ्हाइकांना सांगतो की वडिलांना एका इंग्रज कारागिराने शिकवलं. कोणत्या इंग्रजाने शिकवलं ते त्याने एकदा मलाही दाखवावं.

तेव्हापासून निवृत्ती असेपर्यंत आमच्या घरातून जो पाईप बाहेर गेला तो आधी मी ओढला. गिऱ्हाइकाची नळी मी तोंडाला लावत नाही. माझी स्वतःची नळी आहे, टोकाला रबर गुंडाळलेली, ती कोणत्याही वाटीला बसते. वाटी अर्धी भरायची, हळूहळू ओढायचं, धूर छातीत घ्यायचा नाही, आणि वाटी तळहातात धरून ठेवायची. लाकडात आतून भोक असेल, बारीक चीर असेल, ड्रिल एका बाजूला सरकलं असेल, तर वरून पॉलिशखाली काही दिसत नाही. तळहाताला मात्र लगेच कळतं. चांगल्या वाटीत आतून काळा पातळ थर धरतो आणि पुढे तोच थर लाकडाला जळू देत नाही. अशी वाटी पसंतीला उतरली की मी ती पुसून निवृत्तींच्या हातात द्यायची आणि ते ठसा मारायचे. ठसा नेहमी माझ्यानंतर. मी नको म्हटलेल्या पाइपावर त्यांनी कधी ठसा मारला नाही, आणि भांडण झालं तरी मारला नाही. भांडणं पुष्कळ व्हायची.

कलम ५. बँकेतली माझी ठेव. तिच्यातून माझ्या पुण्यानुमोदनाचा खर्च करावा, तो साधाच करावा. उरलेल्या रकमेतून, ज्या ज्या गिऱ्हाइकाचा नागफणी पाईप जळला किंवा चिरला आहे त्याला नवीन पाईप बदलून द्यावा. पावती मागू नये. ठसा बघावा आणि बदलून द्यावा.

यावर सुहास म्हणेल की आईचं डोकं फिरलं. म्हणून कारण लिहिते.

आता सगळं मोबाईलवर असतं. माणसं पाईप घेतात आणि त्याला तारे देतात. समीक्षा मला वाचून दाखवते. एक लिहितो, पाच तारे, असा पाईप जन्मात पाहिला नाही, वडिलांचा होता, आता मी ओढतो. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, एक तारा, आठवड्यात भोक पडलं, हे लाकूड आहे की बिस्कीट. नागपूरच्या एका पोराने तर व्हिडिओच केला आहे. त्यात तो जळकी वाटी कॅमेऱ्यापुढे धरून हसतो. त्याच्याखाली लोकांची भांडणं लागली आहेत. ज्यांचे चांगले निघाले ते म्हणतात, तुम्हाला ओढता येत नाही. ज्यांचे जळले ते म्हणतात, तुम्हाला पैसे मिळालेत. मी ती भांडणं ऐकत बसते आणि माझं रक्त तापतं, कारण दोन्हीकडची माणसं खरं बोलत आहेत.

गिऱ्हाइकांची बाजू मी डोळे मिटून घेत नाही. गिऱ्हाईकही काही कमी नाही. सोलापूरचे एक पेन्शनर गाडीने लोणावळ्याला उतरून दुकानात आले आणि पाईप काउंटरवर आपटून म्हणाले, "हा तुमचा माल?" मी वाटी बघितली. आतला थर चाकूने खरवडून काढला होता, लाकूड उघडं पडलं होतं. मी म्हटलं, "दादा, हे काय केलं?" तर म्हणतात, "घाण साचली होती, साफ केली." दुसरे एक जण मोटारीच्या काचेपाशी उन्हात पाईप ठेवतात आणि चिरला की आम्हाला फोन करतात. तिसरे असे ओढतात जणू मागे पोलीस लागले आहेत. अशांना मी तोंडावर सांगितलं आहे आणि वर नवा पाईपही दिला आहे.

उलट लोहगडवाडीचा हनुमंत बैकर. गडाच्या पायथ्याशी ताक-भजीची टपरी चालवतो. त्याला निवृत्तींनी पाईप दिला होता. तो त्यात विडी उकलून तिच्यातली तंबाखू भरतो, पावसात भिजवतो, एकदा तर गडाच्या पायऱ्यांवरून खाली घालवला आणि शोधून परत आणला. अजून ओढतो. मी त्याला विचारलं, "हनुमंता, तापतो का रं?" म्हणतो, "न्हाई वैनी. माझा हात तापल, त्यो न्हाई तापायचा." हनुमंत या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणतात. म्हणून हनुमंतला काही नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

पण चाकूवाले आणि उन्हात ठेवणारे वजा केले तरी जळलेले पाईप उरतातच. ते सगळे अलीकडचे आहेत. मी ओढून न पाहिलेले आहेत, का ते कलम ७ मध्ये येईल. लेथ तोच, शिसव तोच, ठसा तोच. पूर्वी जे पाईप मी चुलीत घातले असते ते आता डब्यात जातात. भोक दिसलं तर सुहास त्यात भुसा आणि डिंक भरतो, वरून पॉलिश मारतो आणि नागफणी म्हणून विकतो. कोणाला चांगला येतो, कोणाला असा येतो. ज्याचं जसं नशीब. माझ्या घरचा पाईप घेताना माणसाला नशीब लागावं, याची मला लाज वाटते.

कलम ६. लोणावळ्याचं दुकान, बाजारात चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत शेवटचं, आणि मागच्या खोलीतला लेथ, कानशी, ड्रिल, सगळी हत्यारं सुहासला. त्याचा हात चांगला आहे. हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. निवृत्तींपेक्षाही त्याची कड सफाईदार येते. पाईप बनवणारा तो चांगला आहे. माणूस म्हणून त्याने मला काय केलं ते पुढच्या कलमात येतं.

कलम ७. नागफणी हे नाव आणि ठसा.

निवृत्ती गेल्यानंतर काही दिवस मी पाईप ओढत होते आणि सुहास ठसा मारत होता. मग तो हळूहळू म्हणायला लागला, "आई, आज राहू दे. आज ऑर्डर घाईची आहे." मग म्हणायला लागला, "आई, तुझ्या छातीला त्रास होतो." डॉक्टरांनीही तंबाखूपासून लांब राहा म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मी धरून चालले की पोरगं काळजीने बोलतंय. मला बरंही वाटलं. ती नळी मी धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवली. मी मागच्या खोलीत बसून पॉलिश पेपर मारायला लागले.

मागच्या दिवाळीत बोटीवरून निवृत्त झालेले एक साहेब दुकानात आले. निवृत्तींच्या हाताचा पाईप त्यांच्याकडे होता आणि कुरियरने मागवलेला नवाही होता. जुना अजून चांगला, नवा महिन्याभरात एका अंगाने जळालेला. भला माणूस, आवाज चढवला नाही. त्यांनी दोन्ही पाईप शेजारी ठेवले आणि विचारलं, "जुना घेतला तेव्हा आत आधीच एक काळा थर होता. पहिल्या दिवसापासून गोड लागला. नव्यात तो नव्हता. तो कशाने यायचा?"

मी पडद्यामागे होते. दोन हातांवर. मला वाटलं, आता हा सांगेल. आईला हाक मारेल. मी पदर नीट केला.

सुहास म्हणाला, "तेव्हा आमच्याकडे मशिन होतं सर. फार जुनं झालं, बंद केलं."

मी त्याच्या जन्माआधीपासून हे काम करते. मला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. मशिन कोणी म्हटलं नव्हतं.

साहेब गेल्यावर मी पुढे आले. "कुटलं मशिन रं सुहास? मला बी दाव की." तो आधी हसला. मग म्हणाला, "आई, तू समजून घे ना. लोक आता विचारतात. बाईने तोंड लावलेला पाईप आहे असं कळलं तर किळस करतील. उष्टं म्हणतील."

"माजी नळी येगळी हाय. तुला ठावं हाय."

"मला माहीत आहे. त्यांना कोण समजावणार? आणि आपलं नाव, आपलं आडनाव, आपण कोण, सगळं मग निघतं. कशाला पाहिजे?"

"मंजी छातीचं निमित्त व्हय?"

त्यावर तो गल्ल्यातल्या नोटा नीट करायला लागला.

आता मला जे म्हणायचं आहे ते ज्याला वाचायचं त्याने नीट वाचावं. लोणावळा-खंडाळ्याच्या ज्या बंगल्यांत माझ्या सासूला फरशी पुसायला आत घ्यायचे आणि प्यायचं पाणी मात्र बाहेरच्या नळावर दाखवायचे, त्याच बंगल्यांतल्या माणसांनी मी पेटवून पाहिलेले पाईप वर्षानुवर्षं तोंडात धरले आणि त्यांना ते गोड लागले. निवृत्ती आणि मी ते कधी लपवलं नाही. कोणी विचारलं की निवृत्ती सरळ सांगायचे, "आमच्या मंडळी आधी ओढून बघतात, मग आम्ही देतो." काही जण हसले, एकाने पाईप तिथेच ठेवला आणि निघून गेला. निवृत्तींनी त्याला हाक मारून थांबवलं नाही. बाकीच्यांनी घेतला आणि पुन्हा येऊन दुसरा मागितला. त्यांना जे उष्टं वाटलं नाही ते माझ्या पोराला वाटलं.

सुहासला दात नव्हते तेव्हा मी भाकरी चावून मऊ करून त्याच्या तोंडात घातली आहे. तापात तो काही खाईना तेव्हा आधी मी खाऊन दाखवायची, मग तो खायचा. तेव्हा त्याने तोंड फिरवलं नाही. ज्या दुकानात तो आज मालक म्हणून उभा राहतो, त्या दुकानाची प्रत्येक वीट याच तोंडाने ओढलेल्या धुरातून आली आहे. त्या तोंडाची त्याला लाज वाटते आणि त्याच तोंडाने कमावलेलं नाव मात्र त्याला पाहिजे. मला याचा संताप येतो. झोपेतून जाग आली तरी येतो.

तरी मी घाई केली नाही. ठसा पोटच्या पोराच्या हातून काढून घेणं सोपं नाही. मी ठरवलं की त्याला एकदा विचारायचं, पण चार भिंतींत नाही.

गेल्या रविवारी दुकानात गर्दी होती. मी फडक्यातून नळी काढली, तयार पाइपांच्या पेटीतून वरचाच एक पाईप घेतला आणि दुकानात पुढे, काउंटरच्या बाहेर, खुर्ची टाकून बसले. पेटवला. पुण्याचं एक जोडपं होतं, दोन मोटारसायकलवाली पोरं होती, शेजारच्या दुकानातून चिक्की घेऊन बाहेर पडलेली माणसं होती. सगळी बघायला लागली. मी निम्मी वाटी ओढली. मग पाईप तसाच सुहासपुढे धरला आणि म्हटलं, "सुहास, बघ रं वढून. ह्यो कुटं तापतोय का सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने गिऱ्हाइकांकडे बघितलं. "आई, नंतर. आत जा ना."

"नंतर न्हाई. आत्ता."

"आई, लोक बघतायत."

"म्हनूनच म्हनतीय."

तो फळीवरचे डबे सरळ करायला लागला. ते आधीच सरळ होते. माझा हात तसाच पुढे राहिला.

समीक्षा गल्ल्यावरून उठली. कामशेतची पोर, लग्न होऊन आली तेव्हा तंबाखूच्या नुसत्या वासाने खिडकीशी जाऊन उभी राहायची. तिने ड्रॉवर लावला, ओढणी खांद्यावर टाकली, काउंटरची फळी उचलून बाहेर आली आणि माझ्या हातून पाईप घेतला. माझी नळी तिने पुसलीसुद्धा नाही. सगळ्यांपुढे तोंडात धरली आणि ओढली. तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पोरं हसली. तिने पुन्हा ओढली. वाटी तळहातात धरून उभी राहिली, जशी मी धरते तशी. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती बघत आली असणार.

मग म्हणाली, "आत्या, डाव्या अंगाला लय तापतंय."

मी हात लावला. तापत होतं. कानशीने तिथलं पॉलिश खरवडलं तर खाली भुसा आणि डिंक निघाला. मी तो पाईप दगडावर ठेवला आणि हातोडीने फोडला. मोटारसायकलवाला पोरगा ओरडला, "अहो मावशी, फोडता कशाला? मला द्यायचा ना!" मी म्हटलं, "बाळा, तुजा हात भाजला असता. आता दुसरा बघून देते." त्याने थांबून दुसरा घेतला. पुण्याच्या बाईंनीही नवऱ्यासाठी घेतला, आणि समीक्षाला म्हणाल्या, "तोही ओढून बघा हं आधी." किळस कोणी केली नाही. सुहास तेवढा वेळ डब्यांकडे तोंड करून उभा होता.

म्हणून मी असं लिहून ठेवते:

नागफणी हे नाव आणि लोखंडी ठसा माझ्यामागे समीक्षा सुहास ओव्हाळ हिच्या एकटीच्या मालकीचा राहील. सुहासची बायको म्हणून मी हा तिला देत नाही, तिचा तळहात बघून देते. उद्या त्यांचं पटलं नाही तरी ठसा तिचाच. सुहासने पाईप करावेत, समीक्षाने तपासावेत, आणि तिला पटेल त्याच पाइपावर तिने ठसा मारावा. ती नको म्हणेल तो चुलीत जाईल. सुहासला हे जड वाटलं तर त्याने आपले पाईप दुसऱ्या कोणत्याही नावाने खुशाल विकावेत. बाजारात नावांची कमी नाही.

समीक्षाने दिवसाला दोनापेक्षा जास्त ओढू नयेत, आणि धूर छातीत घेऊ नये. माझी छाती गेली ती पुरे. कमी माल निघेल, निघू दे. तिला नकोसं झालं तर तिने पगार देऊन दुसरं माणूस ठेवावं, बाई असो की बाप्या, कोणत्याही जातीचं असो, पण त्याला पडद्यामागे बसवू नये. खुर्ची पुढेच टाकावी.

प्रत्येक डब्यात एक छापील चिठ्ठी घालावी. मजकूर मी सांगते तोच असावा, सुहासने त्यात सुधारणा करू नये: "हा पाईप आमच्या घरातल्या माणसाने आधी स्वतः ओढून पाहिला आहे. ही पद्धत सरूबाई निवृत्ती ओव्हाळ, कार्ले, यांची. आपल्याला चालत नसेल तर पाईप परत करावा, पैसे मिळतील."

हे सर्व मी वाचून पाहिलं. दोन ठिकाणी शब्द खोडले आहेत, तिथे आद्याक्षरं केली आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वकीलसाहेब म्हणतात की माणूस जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं. ते लक्षात ठेवून शेवटचं लिहिते, आणि हे सुहाससाठी आहे. तू माफी मागू नकोस, मला नको आहे. मी रोज सकाळी दुकानात येते आणि बाहेर बसते. गिऱ्हाईक समोर असताना तू माझ्या हातून पाईप घेऊन एकदा तोंडाला लावलास, तर त्याच दिवशी हा कागद फाडीन आणि ठसा तुझ्या आणि समीक्षाच्या, दोघांच्या नावे करीन. लवकर कर. डॉक्टर फार दिवस देत नाहीत, आणि मी तुझी वाट बघते आहे.

लिहून देणार:
सरूबाई निवृत्ती ओव्हाळ
(सही)

आमच्या दोघांच्या समोर सरूबाईंनी वरील सही केली. त्या भानावर होत्या, आणि रागातही होत्या. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: हनुमंत सावळा बैकर, राहणार लोहगडवाडी, तालुका मावळ (सही)

साक्षीदार २: निर्मला नथू रोकडे, निवृत्त शिक्षिका, राहणार लोणावळा (सही)

ठिकाण: वडगाव मावळ
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५